गोळीला रोगाचं नाव ठाऊक नसतं

१९७६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना एका कोड्याने गाठलं. हेरॉइन सुटावं म्हणून मेथाडोन घेणारे त्यांचे रुग्ण बरे चालले होते. डोस ठरलेला, कामधंदा सुरू, झोप शांत. त्यातल्या काहींना क्षयरोग झाला आणि रिफाम्पिसिन हे औषध सुरू करावं लागलं. थोडे दिवस गेले आणि तक्रारी यायला लागल्या. नाक गळतंय, अंग मोडून आलंय, पोटात मुरडा येतोय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मुंबईतले गर्दुल्ले ज्याला 'टर्की' म्हणतात, तीच ही अवस्था. मेथाडोनचा डोस तर तसूभरही बदलला नव्हता. रिफाम्पिसिन घेणाऱ्या ३० जणांपैकी २१ जणांची हीच कथा.

अशा वेळी पहिला संशय रुग्णावरच जातो. बाहेर विकतो का? जास्त मिळावं म्हणून सोंग करतो का? मेरी जीन क्रीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासलं. रिफाम्पिसिन चालू असताना रक्तातलं मेथाडोन खरोखरच घटलेलं होतं. औषध पोटात नेमाने जात होतं, पण मेंदूपर्यंत पोचायच्या आत वाटेतच संपत होतं. रुग्ण खरं बोलत होते.

वाटेत कोण बसलंय, हे समजून घेतलं की एचआयव्हीची औषधं आणि अफूच्या व्यसनावरचे उपचार एकमेकांच्या पायात पाय का घालतात हेही उलगडतं.

आतड्यातून शोषलेली जवळपास प्रत्येक गोष्ट आधी यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीरात. जुन्या शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसा हा नाका. माल कुणाचा, कुणासाठी, कशासाठी, याची इथे चौकशी नाही. रेणूचा आकार बघायचा आणि पुढची कारवाई करायची. ही कारवाई करणाऱ्या एन्झाइमांच्या घराण्याला सायटोक्रोम पी-४५० म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्सुनेओ ओमुरा आणि र्‍यो सातो या जपानी शास्त्रज्ञांनी त्यांची ओळख पटवली. कार्बन मोनॉक्साइड चिकटलं की ही प्रथिनं ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, त्यावरून हा आकडा आला. प्रत्येकाच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. रक्ताला लाल करणारं हीम, तेच इथेही. रक्तात ते ऑक्सिजन वाहून नेतं, इथे ऑक्सिजनचा एक अणू औषधाच्या रेणूवर ठोकून देतं. तेवढ्याने तेलकट रेणू पाण्यात विरघळण्याच्या वाटेला लागतो आणि शरीराबाहेर टाकता येतो.

माणसात या घराण्याची ५७ जनुकं आहेत, पण औषधांचा बहुतेक भार मोजक्या दहा-बारा एन्झाइमांवर पडतो. त्यातलं सीवायपी-३ए४ हे एकटंच बाजारातल्या निम्म्याच्या आसपास औषधांना हात लावतं. क्षयरोगाचं असो, एचआयव्हीचं असो, रक्तदाबाचं असो की व्यसन सोडवण्याचं. गोळीला रोगाचं नाव ठाऊक नसतं आणि यकृतालाही ते विचारायचं नसतं. ही यंत्रणा औषधांसाठी घडलेलीच नाही. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी पानांत, बियांत, चिकात विषं साठवतात. ती खाणाऱ्या प्राण्यांना त्यावर काहीतरी तोड काढणं भाग होतं. त्या कोट्यवधी वर्षांच्या झटापटीत ही एन्झाइमं घडली असं मानलं जातं. मागच्या शतकात आलेल्या कारखान्यातल्या गोळ्या या यंत्रणेच्या दृष्टीने आणखी एका झाडाचा चीकच.

रिफाम्पिसिनची करामत मात्र याच्याही पुढची. ते एन्झाइमांची संख्याच वाढवतं. यकृताच्या पेशीत पीएक्सआर नावाचं एक प्रथिन टेहळणीला असतं. १९९८ साली त्याचा शोध लागला. शरीरातले बहुतेक संवेदक एखाद्याच रेणूला ओळखतात. याची पोकळी मोठी आणि लवचिक असल्याने वेगवेगळ्या आकाराचे परके रेणू तिच्यात मावतात, रिफाम्पिसिनसारखा अगडबंब रेणूसुद्धा. रेणू आत बसला की पीएक्सआर केंद्रकातल्या डीएनएवर सीवायपी-३ए४च्या जनुकाजवळ जाऊन बसतं आणि ते जनुक जोरात वाचलं जाऊ लागतं. वाचनातून निरोप, निरोपातून प्रथिन, प्रथिनांची भर. याला वेळ लागतो. पूर्ण जोर यायला आठवडा ते दोन आठवडे जातात. म्हणून रिफाम्पिसिन घेतल्याच्या पहिल्या दिवशी काहीच होत नाही आणि बरं चाललंय असं वाटत असतानाच त्रास सुरू होतो. औषध बंद केल्यावरही जादा एन्झाइमं विरायला साधारण दोन आठवडे लागतात. गंमत म्हणजे उंदराचं पीएक्सआर रिफाम्पिसिनला जवळपास भीकच घालत नाही. उंदरावरच्या प्रयोगात हे कोडं पडलंच नसतं. ते पडायला माणूसच हवा होता, आणि त्याचं ऐकून घेणारा डॉक्टरही.

आता ही गोष्ट आपल्याकडे आणू, छत्तीसगडच्या रायपूरला येऊ. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं की काही तासांत येणारं हे शहर मराठी माणसाला परकं नाही. भोसल्यांचा अंमल इथवर होता, तात्यापारा अजून आहे, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५पासून चालू आहे. आजारपण अंगावर आलं की गावोगावचे लोक जिथे धाव घेतात, ते डॉ. आंबेडकर रुग्णालय इथे सगळ्यांच्या तोंडी 'मेकाहारा' आहे. एचआयव्हीच्या मोफत औषधांचं एआरटी केंद्र तिथेच आहे. इथल्या हिंदी दैनिकांत 'नशीली गोलियाँ' आणि इंजेक्शनं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून असतात. सुईने नशा करणारे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मणिपूर किंवा पंजाब येतो. प्रत्यक्षात औषधांच्या दुकानातल्या वेदनाशामकांनी ही सवय देशाच्या मध्यभागीही पोचवली आहे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात.

छत्तीसगडचा या विषयातला एक पक्का धागा रायपूरहून रेल्वेने दोनेक तासांवरच्या बिलासपूरचा आहे, आणि त्याचं दुसरं टोक एका मराठी घरात आहे. १९८६ साली चेन्नईत भारतातल्या एचआयव्हीचा पहिला पुरावा ज्यांच्या पुढाकाराने सापडला त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घरातल्या. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. या केंद्राच्या जोडीने त्यांचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १५ शहरांतल्या सुईने नशा करणाऱ्या १४,४८१ जणांची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. शहरांच्या यादीत मुंबई होती आणि बिलासपूरही होतं. एचआयव्हीचं प्रमाण शहरागणिक ५.९ टक्क्यांपासून ४४.९ टक्क्यांपर्यंत निघालं. देशातल्या प्रौढांत हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपला विषय दोन दुर्मीळ आजारांच्या योगायोगाचा मुळीच नाही. एकाच सुईने दोन्ही आजार एकाच माणसाच्या घरी पोचवले आहेत, त्यामुळे दोन्हींच्या गोळ्याही एकाच पोटात जाणार.

व्यसनावरच्या उपचाराला सरकारी भाषेत ओएसटी म्हणतात. नाको या एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या केंद्रांत त्यासाठी मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन दिलं जातं. मेथाडोन आपल्याकडे २०१२नंतर आलं, तेही मोजक्या ठिकाणी. ब्युप्रेनॉर्फिन देण्याची रीत बघण्यासारखी असते. नर्स रजिस्टरमध्ये नाव बघते, गोळ्यांचा चुरा करते आणि तो माणसाच्या जिभेखाली टाकते. मग त्याने गप्प बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी तर नाहीच. काही मिनिटांनी तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, चुरा विरघळलाय ना ते बघून मगच सही. चोरून बाहेर नेऊन विकू नये म्हणून ही तपासणी हे उघडच आहे. पण जिभेखालीच का? कारण ब्युप्रेनॉर्फिन गिळलं तर आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याचा बहुतेक भाग पहिल्याच फेरीत खलास होतो. जिभेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून गेलेलं औषध त्या पहिल्या फेरीला चुकवून थेट रक्तात उतरतं. नर्सचा रोजचा शिरस्ता म्हणजे सीवायपी-३ए४ला दिलेली हुलकावणी आहे.

या औषधाचा कुळाचारही और आहे. अफूच्या चिकात मॉर्फिनबरोबर थेबाइन नावाचा अल्कलॉइड असतो. तो स्वतः नशा देत नाही, उलट जास्त घेतला तर झटके आणतो. आपल्याकडे नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून तो वेगळा काढतात. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये याच थेबाइनला फांद्या जोडत जोडत रसायनतज्ज्ञांनी रेणूंचं एक घराणं तयार केलं. त्यातला एटॉर्फिन इतका जहाल निघाला की काही मिलिग्रॅममध्ये हत्ती आडवा होतो. पशुवैद्य तो त्याच कामाला वापरतात. त्याचाच भाऊबंद ब्युप्रेनॉर्फिन. तो मेंदूतल्या अफूच्या संवेदकांना इतका घट्ट धरतो की हेरॉइनलाही बाजूला सारतो, पण त्यांना चेतवतो अर्धवटच. म्हणून त्रास थांबतो, आणि डोस वाढवत नेला तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेशी येऊन अडतो. आणि एकदा बसला की लवकर उठत नाही.

याच चिवटपणाने आपल्याकडच्या हजारो लोकांना नकळत वाचवलं. १ एप्रिल २००४ला सरकारने एचआयव्हीची मोफत औषधं सुरू केली; पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हाच्या गोळ्यांत नेव्हिरापीन असायचं, पुढे २०१०च्या दशकात एफाव्हिरेंझ आलं. रात्री झोपताना घ्यायची आणि रंगीबेरंगी स्वप्नं पाडणारी गोळी म्हणून जुन्या रुग्णांना ती चांगलीच आठवते. ही दोन्ही औषधं यकृतातली एन्झाइमं वाढवतात. मेथाडोन प्रामुख्याने ज्या सीवायपी-२बी६च्या हातून संपतं ते तर वाढतंच, आणि एफाव्हिरेंझ स्वतःही त्याच एन्झाइमच्या हातून संपतं, म्हणजे ते आपल्याच मारेकऱ्यांची भरती करतं. परदेशात मेथाडोनवरच्या रुग्णांना एफाव्हिरेंझ दिलं तेव्हा रक्तातलं मेथाडोन निम्म्याहून अधिक घसरलं आणि एक-दोन आठवड्यांत टर्की सुरू झाली. लोकांनी साहजिकच नव्या गोळीला दोष दिला. काहींनी ती सोडली, काही पुन्हा सुईकडे गेले.

ब्युप्रेनॉर्फिनवरच्या माणसांना हेच एफाव्हिरेंझ दिलं तेव्हा रक्तातली पातळी तशीच निम्म्यावर आली, पण टर्की आली नाही. रक्तातलं औषध आटलं तरी मेंदूतलं ठाणं हललं नाही. २००६ साली एलिनोर मॅकान्स-कॅट्झ यांच्या चमूने हे दाखवून दिलं. भारताने ब्युप्रेनॉर्फिन निवडलं ते मुख्यतः इथे ते सहज बनत होतं आणि जास्त सुरक्षित होतं म्हणून. एआरटीशी जुळवून घेणारं औषध पदरात पडलं हा वरचा लाभ.

उलट दिशेची गोष्टही तितकीच नवलाची आहे. रिटोनाव्हिर १९९६ साली एचआयव्हीवरचं औषध म्हणून आलं. थोड्याच काळात लक्षात आलं की ते सीवायपी-३ए४च्या लोहालाच जाऊन चिकटतं आणि त्याला निकामी करतं. दोष म्हणावा असा हा गुण. पण डॉक्टरांनी त्याचाच उपयोग करून घेतला. रिटोनाव्हिरचा जेमतेम १०० मिलिग्रॅमचा डोस दुसऱ्या औषधाच्या सोबतीला द्यायचा. एन्झाइम गप्प बसतं आणि सोबतचं औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. कोविडवरच्या पॅक्सलोविडमध्येही हीच युक्ती आहे. दुसऱ्या फळीच्या एआरटीत आटाझानाव्हिर आणि रिटोनाव्हिर एकत्र असतात. त्यांच्याबरोबर ब्युप्रेनॉर्फिन घेतलं तर त्याची पातळी वाढते आणि काहींना गुंगी येते. आणि हेच रिटोनाव्हिर लोपिनाव्हिरच्या जोडीने दिलं की मेथाडोनची पातळी खाली येते! कारण एक एन्झाइम दाबताना ही जोडी दुसऱ्याला जागं करते. एकाच गोळीने एका औषधाला चढवायचं आणि दुसऱ्याला उतरवायचं. 'हे औषध यकृताला जोर देतं की मंद करतं' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, ते यासाठी.

२०२०-२१च्या सुमारास एआरटी केंद्रांतली मुख्य गोळी बदलली आणि बराचसा गुंता आपोआप सुटला. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तिघांची ही एक गोळी; केंद्रात सगळे तिला टीएलडी म्हणतात. डोल्युटेग्राव्हिरची विल्हेवाट मुख्यतः यूजीटी-१ए१ हे वेगळं एन्झाइम लावतं. डोल्युटेग्राव्हिर ब्युप्रेनॉर्फिनच्या वाटेला जात नाही आणि मेथाडोनच्याही नाही. टर्की नाही, गुंगी नाही. दिवसातून एक गोळी घ्यायची आणि जिभेखालचा चुरा आपल्या जागी चालू ठेवायचा. एवढंच सांभाळायचं की धातू असलेलं ॲसिडिटीचं औषध तिच्याबरोबर एकदम घ्यायचं नाही, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची नाही. त्यातले धातू डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच जखडून ठेवतात.

मग विषय संपला का? संपला असता, क्षयरोग नसता तर. एचआयव्ही असलेल्या माणसाला आपल्याकडे सर्वात जास्त धोका त्याचाच, आणि त्यावरचा सहा महिन्यांचा रोजचा उपचार रिफाम्पिसिनच्या खांद्यावर उभा आहे. सगळी टेहळणी जागी करणारा हा जुना पाहुणा दोन्ही औषधांना एकदम भिडतो. यूजीटी-१ए१ही पीएक्सआरच्या हुकमातलं, त्यामुळे डोल्युटेग्राव्हिर घटतं. म्हणून सकाळच्या टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी देतात. आणि ब्युप्रेनॉर्फिन? एफाव्हिरेंझपुढे न डगमगणारा हा रेणू इथे हरतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिफाम्पिसिनने त्याची रक्तातली मात्रा ७० टक्क्यांनी खाली आणली आणि भाग घेणाऱ्या निम्म्या लोकांना टर्की आली. चिवटपणालाही तळ असतो.

सरकारी उपचारपत्रिकेतली एक सूचना या संदर्भात वाचली की अंगावर काटा येतो. डोल्युटेग्राव्हिरची ती जादा गोळी क्षयरोगाचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची असते. का? रिफाम्पिसिन शरीरातून दिवसभरात निघून जातं, पण त्याने भरती केलेली एन्झाइमं इतक्यात जात नाहीत. कागदावरचे हे दोन आठवडे म्हणजे यकृतातल्या एका जनुकाने शांत व्हायला घेतलेला वेळ आहे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनचा डोस मध्यंतरी वाढवला असेल तर हाच काळ जपून राहण्याचा. मेथाडोनच्या बाबतीत तर जिवाचा. एन्झाइमं ओसरतात, औषधाची पातळी हळूहळू चढते, आणि कालपर्यंत जेमतेम पुरणारा डोस जड होऊ लागतो. वाढवताना जितकं लक्ष, तितकंच उतरवतानाही हवं. आणि हे काम डॉक्टरांचं. घरच्या घरी डोस कमीजास्त करण्याचा विषयच नाही.

अडचण रसायनापेक्षा खिडक्यांची जास्त आहे. एआरटीची खिडकी वेगळी, ओएसटीची वेगळी, क्षयरोगाची आणखी वेगळी. प्रत्येक ठिकाणी वेगळं कार्ड. माणूस एआरटीच्या काउन्सेलरपासून नशेची गोष्ट लपवतो, ओएसटीच्या नर्सपासून एचआयव्हीची, आणि क्षयरोगाच्या कर्मचाऱ्यापासून दोन्ही. त्याचं लपवणं समजण्यासारखं आहे. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला एचआयव्ही कायदा काही अपवाद सोडता त्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे तिन्ही खिडक्यांची बातमी एकत्र असलेली जागा एकच उरते, ती म्हणजे तो माणूस. त्याने निर्धास्तपणे सांगावं असं वातावरण ठेवणं हाही औषधोपचाराचाच भाग झाला.

म्हणून 'साहेब, गोळी पुरत नाही' हे वाक्य मेकाहारात, बिलासपुरात किंवा नागपुरात ऐकू आलं की भुवया उंचावण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात कुठलं नवं औषध सुरू झालं का? आणि कुठलं बंद झालं? व्यसनी माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद आपण नीतीचा समजून घालत बसतो. इथे त्याच्या अंगाने दिलेली ती बातमी यकृतातल्या एन्झाइमांची मोजदाद असू शकते, आणि कुठल्याही प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडण्याआधी ती त्याच्या तोंडून आलेली असते.